वाचकांचे प्रश्न : गावी जाऊन माती-पाण्याचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात शेततळ्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊस पडला, खरा पाऊस मात्र अजून यायचाय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. चार पत्रं घेतोय, त्यातलं पहिलं जरा सविस्तर, कारण तसाच प्रश्न बऱ्याच तरुण मंडळींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

काका, नमस्कार. मी इंदूरचीच, सुदामानगरात राहते, वय 28, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचं मूळ गाव देवास जिल्ह्यात सोनकच्छकडे. आजोबांच्या वाटणीची जमीन आहे, वर्षानुवर्षं बटाईवर म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेली, आम्ही फक्त गव्हाच्या वेळी आणि कुलदेवतेला जातो. आता शेताच्या मधोमध घळ पडलीय, दर पावसाळ्यात मोठी होते. लहानपणी विहिरीत मार्चपर्यंत पाणी असायचं, आता डिसेंबरात तळ दिसतो. मला नोकरी सोडून गावाच्या भागातच जमीन वाचवायचं काम करायचंय, फक्त आमच्या शेताचं नाही, पूर्ण गावाचं. आई म्हणते वेड लागलंय. कुठला कोर्स करू? यात नोकरी असते का? आणि गाववाले शहरातून आलेल्या मुलीचं ऐकतील का?
— एक वाचक, सुदामानगर

अगं, वेड वगैरे काही नाही, पण राजीनाम्याची घाईही नको. ते नंतर बघू. आधी भूलेखच्या, म्हणजे राज्याच्या जमीन-नोंदींच्या साइटवरून गावाचा खसरा आणि नकाशा काढ, प्रिंट मोठी घे. पुण्या-नाशिकचे नातेवाईक सातबारा सातबारा करतात, आपल्याकडे म्हणजे मध्य प्रदेशात त्याच कामाचे कागद खसरा आणि बी-वन. त्यात तुमचं शेत सापडलं की तिथे थांबू नकोस, तुमच्या वरच्या अंगाला कोण आहे, खालच्या अंगाला कोण, नाला कुठून येतो आणि चरनोई, म्हणजे गावाचं गायरान, कुठल्या नंबरात आहे ते बघ. मग पटवाऱ्याकडे किंवा तहसिलीत जाऊन निस्तार पत्रक बघायला माग. गावाची चराई, सरपण, गुरांची वाट, मुरूम काढायची जागा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, म.प्र. भू-राजस्व संहिता 1959 मध्येच त्याची सोय आहे. कागदावर चरनोई आणि प्रत्यक्षात सोयाबीन, असं बऱ्याच गावांत दिसेल. तो अतिक्रमणवाला बहुतेक गावातला वजनदार माणूस असतो, म्हणून पहिल्याच भेटीत तो विषय काढायचा नाही, फक्त माहीत करून ठेवायचं.

आता घळीबद्दल. तुमच्या शेतात पडली म्हणून ती तुमच्याच शेतात बुजवता येईल असं सगळ्यांना वाटतं आणि लोक ट्रॉलीभर दगड आणून मोठ्या खड्ड्यात ओततात, पुढच्या वर्षी दगडासकट खड्डा पुढे सरकतो. हिशोब कर ना, आपल्याकडे वर्षाला साधारण 900 ते 1000 मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका हेक्टरवर कमीत कमी 90 लाख लिटर पाणी, आणि त्यातला बराचसा चार-पाच मोठ्या झडींतच येतो. वरच्या पाच-सात शेतांचं पाणी एकत्र होऊन तुमच्याकडून चाललंय, मग तुमच्या एकट्याच्या बांधानं काय होणार. काम माथ्यापासून खाली येतं, नेहमी. वर बरडावर चर, मग शेतांचे बांध, मग ओघळीत छोटे छोटे दगडी बांध म्हणजे बोल्डर चेक, आणि सगळ्यात शेवटी खाली तळं किंवा स्टॉपडॅम. उलटं केलं, म्हणजे आधी खाली तळं खोदलं (फोटो तळ्याचा चांगला येतो म्हणून तसंच होतं), तर वरची माती दोन-तीन पावसाळ्यांत तळ्यात येऊन बसते.

बोल्डर चेकची एक गोष्ट लक्षात ठेव, ठेकेदार नेमकी तीच विसरतो. खालच्या चेकचा माथा आणि वरच्या चेकचा पाया एका पातळीत यायला हवा, त्यावरून दोघांतलं अंतर ठरतं. चेक मधे किंचित खोलगट आणि दोन्ही काठांत आत शिरलेला पाहिजे. मधे उंच केला तर पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठ खातं, मग एकाची दोन घळी.

पातळी काढायला इंजिनिअर लागत नाही. दोन सात-सात फुटी बांबू वर एकत्र बांधायचे, पाय फाकवायचे, मधे एक आडवी काठी, झाला इंग्रजी ए. वरच्या गाठीतून दोरी सोडायची, टोकाला दगड. कुठेतरी उभं करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची, मग फिरवून पायांची अदलाबदल करायची, डावा होता तिथे उजवा, परत खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे तिसरी खूण, ती तुझी लेव्हल. आता उतारावर एक पाय रोवून ठेव आणि दुसरा वर-खाली सरकवत राहा, दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याची चिमूट टाकायची, पुढे जायचं. वारा असला की दोरी हलते आणि माणूस वैतागतो, म्हणून सकाळी लवकर कर. अर्ध्या दिवसात बरडावर चुन्याची वाकडीतिकडी रेघ उमटते आणि गावातली पोरं विचारायला येतात की हे काय चाललंय. ती पोरं तुझी पहिली टीम, हे सांगायला नकोच.

पण त्याआधी तुमचा बटाईदार. पत्रात त्याचा उल्लेख एकाच शब्दात उरकलायस. बांध घालायला, आडव्या सऱ्या काढायला, शेणखत टाकायला मेहनत त्याची जाणार, फायदा दोन-तीन वर्षांनी दिसणार आणि तुम्ही पुढच्या अखतीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जमीन दुसऱ्याला दिली तर? तो उतारावरून सरळ खाली पेरतो कारण ट्रॅक्टर तसा भरभर चालतो आणि भाडं तासावर असतं, यात त्याचा मूर्खपणा काही नाही. तेव्हा त्याला काही वर्षांची खात्री द्या. आपल्या राज्यात भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितसंरक्षणाचा 2016 चा कायदा आहे, त्याप्रमाणे लेखी करार करता येतो, जमीनमालकाचा हक्कही सुरक्षित राहतो. मराठी घरांतून याला फार घाबरतात, कूळ कायद्याच्या आठवणी पिढ्यांमधून उतरल्यात ना. वडिलांना समजावणं तुझ्याकडे लागलं. घरचा करार लेखी नाही आणि गावाला संवर्धन शिकवायला निघालीस तर लोक हसतील, आणि बरोबर हसतील.

विहिरीचं म्हणशील तर मालव्याचं गणित बदललंय, तुमच्या गावाचंच नाही. 'डग डग रोटी, पग पग नीर' आपण सगळे म्हणत आलोय, पण पूर्वी काळ्या रानात पावसाळ्यात बरीच जमीन पडीक ठेवायचे, ओल जमिनीतच मुरायची आणि त्या ओलीवर रब्बीला हरभरा किंवा मालवी गहू, तोच ज्याचे आपण बाफले करतो. सत्तरच्या दशकानंतर सोयाबीन पसरलं, खरिपाचा पैसा आला, मग रब्बीच्या गव्हाला पाणी पाहिजे, मग बोअर. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्यात पाणी फक्त फटींमधे आणि वरच्या मुरमाड थरात. खोल गेलं की पाणी लागेलच असं काही नाही, पैसे मात्र नक्की लागतात. 1990 मध्ये देवासला इंदूरहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, तुझ्या आई-बाबांना विचार, त्यांना आठवत असेल.

त्याच देवासमध्ये 2006 मध्ये तेव्हाचे कलेक्टर उमाकांत उमराव यांनी भागीरथ कृषक अभियान सुरू केलं. मोठ्या शेतकऱ्यांना गाठून सांगितलं की जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्या, बोअरवर बोअर मारण्यापेक्षा परवडतं. सुरुवातीची बरीचशी तळी शेतकऱ्यांनी स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशानं खोदली, त्यांना रेवासागर नाव दिलं, टोंकखुर्दकडे गेलीस तर आजही एकाला लागून एक दिसतील. मला यात आवडतं ते हे की बोलणी नफ्या-तोट्याची होती. धरतीमातेवर भाषण दिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, तळी नसती पडली. एक मात्र सांगून ठेवतो, बोअरचं पाणी उपसून तळ्यात साठवायला लागलं कोणी, तर ते तळं नुसतं गोदाम. पाणी वाढलं की कोण किती घेणार हा नियम नसेल तर सगळं परत तिथेच येतं. हिवरे बाजारचे व्हिडिओ सगळे बघतात, चर आणि बांध बघतात, पण पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, तो भाग आला की व्हिडिओ पुढे ढकलतात.

कोर्स आणि नोकरी. नोकऱ्या आहेत, कमी आहेत, पण आहेत. केंद्राच्या सिंचन योजनेचा जो पाणलोट भाग आहे, त्यात 2021-22 ते 2025-26 या टप्प्यासाठी सपाट भागात हेक्टरी 22,000 आणि अवघड भागात 28,000 रुपये धरले होते, प्रकल्प अडीच ते पाच हजार हेक्टरचे. प्रत्येक प्रकल्पाला एक पाणलोट विकास टीम लागते, त्यात शेती, माती, पाणी आणि लोकांना एकत्र आणणं अशी वेगवेगळी माणसं, त्यात एक तरी बाई असावी असं मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. तुझ्या जिल्ह्यातच बागलीला समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून आदिवासी गावांत हेच काम करतेय, त्यांचं प्रशिक्षण केंद्र बाबा आमट्यांच्या नावाचं आहे. गंमत म्हणजे कालीसिंध बागलीच्या डोंगरांत उगवते आणि सोनकच्छवरून पुढे जाते, म्हणजे तुझ्या गावाचा माथा एका अर्थानं तिकडेच. तिथे किंवा तसल्याच कुठल्या संस्थेत आधी महिना-दोन महिने राहून ये, रजा टाकून, बिनपगारी मिळाली तरी. भोपाळला पाणी आणि जमीन व्यवस्थापन शिकवणारी वाल्मी आहे, वनव्यवस्थापनाची आयआयएफएम आहे, पण दोन वर्षांच्या डिग्रीचा विचार एक पावसाळा शेतात काढल्यावर कर.

आणि तुझं सॉफ्टवेअर वाया जाणार नाही. या संस्थांमध्ये नकाशे करणाऱ्यांची चणचण असते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शीक, फुकट आहे, इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर बराच डेटा मिळतो, उतार आणि ओघळी घरी बसून काढता येतात. नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवारी एखाद्या संस्थेला नकाशे करून दे. मग नकाशा घेऊन पायी फिरायचं, कारण स्क्रीनवर ज्याला ओघळ म्हणालीस तिथे कोणाचा गोठा निघतो.

गाववाले ऐकतील का? सुरुवातीला नाही. तुला चहा देतील, 'बिटिया' म्हणतील, आणि तू गेल्यावर विचारतील की जमीन विकायची आहे का. कारण इंदूरहून गाडी आली की एकतर प्लॉट पाडून कॉलनी कटणार असते नाहीतर कोणी फार्महाउसवाला असतो, त्यांचा अनुभव तोच आहे. त्याला उपाय म्हणजे परत जाणं, आणि पावसात जाणं, चिखल असताना, जेव्हा शहरातलं कोणी येत नाही. बायकांशी बोल, पाणी कुठे कधी आटतं हे त्या तारीखवार सांगतात. जमलं तर झाबुआला हलमा बघून ये. भिल्लांची जुनी रीत आहे, एकाचं काम अडलं की गाव मिळून फुकट करून देतं, शिवगंगा संस्थेनं त्याच रीतीवर हाथीपावा टेकडीवर हजारो माणसं चर खोदायला आणली, महेश शर्मांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. तुझ्या गावात हलमा नसेल, पण कसलीतरी तशी रीत असेलच, भंडारा, देवळाचं काम, काहीतरी. शोध.

आईला सांग की वर्षभर तरी पगार चालूच राहणार आहे. तेवढ्यावर तिचा अर्धा विरोध मावळेल.

आमचं गाव धार जिल्ह्यात सरदारपूरजवळ. वडिलांच्या पंचाहत्तरीला गावाबाहेरच्या मोकळ्या बरडावर हजार झाडं लावायचा आम्हा भावंडांचा विचार आहे. जागा नुसती गवताची, रिकामीच पडलेली. कुठली झाडं लावावीत?
— टिळकनगर, इंदूर

दादा, वडिलांना दीर्घायुष्य लाभो, पण त्या जागी झाडं लावू नका. रिकामी नाहीये ती. गवताचं रान हे पडीक जंगल नसतं, पूर्ण वाढलेलं गवताचं रानच असतं, आणि तुमच्या सरदारपूरला तर 1983 पासून खरमोराचं अभयारण्य आहे, दुसरं रतलामजवळ सैलाना. खरमोर म्हणजे तणमोर, कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात येतो आणि नर गवतातून एकदम चेंडूसारखा वर उसळतो, परत खाली, परत वर, मादीला दिसावं म्हणून. झाडं दाट झाली की त्याची उडी कोण बघणार, तो येणंच बंद करतो. जगातून संपायला आलेल्या पक्ष्यांपैकी तो एक.

हेही सांगतो की त्या अभयारण्यात गावांच्या खाजगी जमिनीही धरल्या गेल्या, वर्षानुवर्षं खरेदी-विक्री अडकली, पोरीच्या लग्नाला जमीन विकता येईना, आणि लोक पक्ष्यावरच चिडले. ते चिडणं मला तरी समजतं. संवर्धन म्हणून वरून रेघ मारली आणि खाली राहणाऱ्याला विचारलंच नाही तर असंच होतं.

तेव्हा तुम्ही असं करा, ग्रामपंचायतीशी बोलून त्या बरडाचा एखादा तुकडा पावसाळ्यापुरता चराईला बंद ठेवा, बी पडून गेल्यावर दिवाळीनंतर गवत कापून वाटून घ्या. शेडा, मारवेल यांसारखी चांगली गवतं परत येतात, फार विरळ झाली असतील तर बी टाका. राखणदाराचा वर्षाचा पगार तुम्ही भावंडांनी द्या, पंचाहत्तरीची भेट म्हणून. हजार खड्ड्यांपेक्षा स्वस्त पडेल आणि गुरांना चारा. झाडंच लावायची हौस असेल तर घराभोवती, शाळेत, नाल्याकाठी लावा, आंबा, जांभूळ, कडुनिंब, पाणी घालायला माणूस असेल तेवढीच.

मुलगा बीएस्सी ॲग्री झालाय, बँकेची परीक्षा द्यायची सोडून एका पाणलोट संस्थेत जातोय म्हणतो, तेही गावाकडे. आम्ही काय करावं?
— एक पालक

जाऊ द्या. बँकेच्या परीक्षा पुढच्या वर्षीही होणार आहेत. मात्र त्याला तीन गोष्टी विचारून यायला सांगा, पगार प्रकल्पातून आहे की संस्थेकडून (प्रकल्प संपला की पहिल्या प्रकारचा पगारही संपतो), पीएफ कापतात का, आणि मोटरसायकलचं पेट्रोल कोणाचं. तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, फील्डवरच्या मुलांचे निम्मे पैसे त्यात जातात.

आमच्या शेतातला काडीकचरा आम्ही जाळतो. एकजण म्हणाला कंपोस्टची इंदूर पद्धत जगभर प्रसिद्ध आहे, ती खरंच आपल्या इंदूरची का? घरी करता येते?
— महू रोड

आपलीच. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे 1924 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, अल्बर्ट हॉवर्ड 1931 पर्यंत तिचे प्रमुख होते आणि शेतकऱ्यांचंच जुनं ज्ञान घेऊन त्यांनी ही पद्धत बसवली. काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, थोडी राख, परत काडीकचरा, असे थर, खड्डा दोनेक फूट खोल, तीनदा पलटायचं आणि ओल राखायची, साधारण तीन महिन्यांत खत. पलटायला माणूसबळ नसेल तर पुसदच्या नाडेपकाकांचं, म्हणजे ना. दे. पांढरीपांडे यांचं टाकं बरं, 10 बाय 6 बाय 3 फूट, विटांमधे भोकं ठेवलेलं, त्यात पलटायचं नसतं पण वेळ जास्त लागतो.

सोयाबीनचा भुसा आणि गव्हाची काडी नुसती टाकली तर लवकर कुजत नाही, आधी गुरांखाली एक-दोन रात्री अंथरा, मग टाका. आणि आता पावसाळा तोंडावर आहे तर खड्डा करूच नका, हॉवर्डही पावसात जमिनीच्या वर ढीगच करायचे, खड्ड्यात पाणी साचलं की कुजायच्या ऐवजी सडतं आणि शेजारी भांडायला येतात.